‘पुट ऑफ’चा अर्थ प्रत्येक वेळी ‘पुढे ढकलणे’ असाच होतो का?

प्रश्न :
नमस्कार. मी एका छोट्या कार्यालयात इंग्रजी पत्रांचे मराठी भाषांतर करते. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, असे शाळेत पाठ केले होते आणि ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ टिल मंडे’ अशा वाक्यांत त्यामुळे कधी अडले नाही. परवा मात्र ‘मेनी बायर्स वेअर पुट ऑफ बाय द प्राइस’ हे वाक्य आले आणि ‘किमतीमुळे अनेक ग्राहकांना पुढे ढकलण्यात आले’ असे मी लिहून बसले. वरिष्ठांनी त्याखाली लाल रेघ मारून कागद परत पाठवला. हे अर्थ ओळखायचे कसे, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर १ :
वाक्यातले कर्म आधी पाहावे. बैठक, लग्न, निर्णय, दवाखान्यात जाणे असे काही असेल, तर पुढे ढकलणे किंवा लांबणीवर टाकणे हा अर्थ बरोबर आहे. कर्माच्या जागी माणूस असेल, तर बहुतेक वेळा अर्थ पालटतो. किंमत, वास किंवा कुणाचे वागणे यांमुळे त्याचे मन उडाले, तो बिचकला, असे तिथे म्हणायचे असते. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ याला आपल्याकडे ‘त्या वासाने माझी अन्नावरची वासनाच उडाली’ असे नेमके वाक्य तयार आहे. पैसे मागायला गेलेल्या माणसाला कोणी ‘पुट ऑफ’ करत असेल, तर तो त्याला आज-उद्या करून टोलवतो आहे. शिवाय नेम धरलेल्या खेळाडूचे लक्ष कुणाच्या बोलण्याने विचलित झाले, तरी ब्रिटिश इंग्रजीत हेच क्रियापद येते.

उत्तर २ :
वरील उत्तरात रचनेची भर घालतो, कारण आपल्या विद्यार्थ्यांच्या चुका तिथेच अधिक होतात. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही रूपे चालतात, पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते : ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ चूक. पुढे क्रिया आली तर ‘पुट ऑफ गोइंग’ म्हणावे, ‘पुट ऑफ टू गो’ नव्हे. ‘कॉल ऑफ’शीही गल्लत करू नये, तिथे बैठक रद्दच होते. जोडशब्दाने मूळ क्रियेचा अर्थ बदलणे आपल्याला नवे नाही. ‘बोलून टाकणे’ म्हणजे मन मोकळे करणे आणि ‘टाकून बोलणे’ म्हणजे समोरच्याचा अपमान करणे, हे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. वाक्य आता ‘किंमत पाहून अनेक ग्राहक मागे फिरले’ असे केले आहे. जुन्या फायलीत ‘द सप्लायर हॅज पुट अस ऑफ ट्वाइस’ हेही सापडले. तिथे ‘पुरवठादाराने आम्हाला दोनदा टोलवले’ असे लिहू का?

उत्तर १ :
अर्थ बरोबर आहे, पण पत्र त्या पुरवठादाराच्याच हाती जाणार असेल तर ‘टोलवले’ हा शब्द त्याला झोंबेल. ‘पुरवठादाराने दोनदा सबबी सांगितल्या’ हेही कडकच वाटेल. ‘दोन वेळा पुढची तारीख दिली’ एवढे लिहावे.