फोन चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही

प्रश्न: गोदाघाटावर काढलेले सुमारे 900 फोटो अँड्रॉइड फोनमधून विंडोजच्या संगणकावर घ्यायचे आहेत, केबल जोडताच चार्जिंग सुरू होते, पण संगणकावर फोनचे नावही उमटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: फोन अनलॉक करून वरची सूचनापट्टी खाली ओढावी आणि यूएसबीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे, कारण बहुतेक फोन मुळात केवळ चार्जिंगवरच ठेवलेले असतात. फोटो फोनमधील ‘डीसीआयएम’ (DCIM) या फोल्डरच्या आत कॅमेरा फोल्डरात सापडतील. ते कट न करता कॉपीच करावेत; मध्येच केबल हलली तर पंचाईत होते.

उत्तर: सूचनाच येत नसेल, तर केबल बदलून पाहावी. मेन रोडवर घेतलेल्या माझ्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नव्हत्याच!

प्रश्नकर्ता: दोष केबलचाच निघाला. शेजाऱ्यांच्या केबलने कॉपी सुरू झाली आहे, आभारी आहे.