स्पिनरच्या शस्त्राला बेल्ट की हब मोटर?

घर्षणप्रेमी: हल्ली कुणाच्याही स्पिनरचं (फिरत्या डिस्कने समोरच्याला ठोकणाऱ्या लढाऊ रोबोचं) डिझाइन उघडा, ब्रशलेस मोटर थेट डिस्कच्या पोटात बसवलेली, म्हणजे हब मोटर. पुली नाही, बेल्ट नाही, दिसायला देखणं. माझं मत उलटं आहे: शस्त्राला व्ही-बेल्टच (बिनदाती पट्टा) हवा, आणि तो वेळेला घसरणारा हवा. 1.2 किलोची डिस्क, बहुतेक वजन 75 मिमी त्रिज्येवर, 8000 आरपीएम (मिनिटाला फेऱ्या). जवळपास 2400 ज्यूल झाले. ती समोरच्याच्या चिलखतात रुतली की क्षणात थांबते, मोटर मात्र अजून फिरायच्या नादात असते. बेल्ट घसरला तर तो जोर उष्णतेत जिरतो. दातेरी टायमिंग बेल्ट असेल तर दात सोलून निघतात, चेन असेल तर तुटते किंवा उतरते.

चुंबकराव: पण हबमध्ये मागे राहून फिरायला वेगळा रोटर (मोटरचा फिरता भाग) असतोच कुठे? तो डिस्कलाच जखडलेला, डिस्कबरोबरच थांबतो. तुम्ही सांगताय ते संकट मुळात बेल्टवाल्यांचं, आणि उपायही त्यांचाच! शिवाय बेल्ट उघडा पडला की समोरच्याच्या दाताने कापला जातो. मग उरलेली लढत नुसतं ढकलत बसा.

घर्षणप्रेमी: रोटरचा मुद्दा मान्य. पण धक्का जातो कुठे ते बघा. आउटरनरमध्ये (बाहेरचं कवच फिरणाऱ्या मोटरमध्ये) चुंबक आणि स्टेटर (आतला स्थिर भाग) यांच्यातली फट मिलिमीटरभरही नसते. बेल, म्हणजे चुंबक बसवलेलं ते फिरतं कवच, जराशी चेपली की चुंबक स्टेटरला घासतात, कधी गोंद सुटून एखादा निखळतो. मग मोटर गेली आणि तीच शस्त्राचा कणा असल्याने शस्त्रही गेलं. बेल्ट पाच मिनिटांत बदलता येतो.

चुंबकराव: हे मोटरच्या मूळ बेअरिंगवर डिस्क टांगणाऱ्यांचं झालं. चौकटीत घट्ट बसवलेला जाड स्थिर शाफ्ट, त्यावर डिस्कची स्वतःची दणकट बेअरिंगं, आणि बेल फक्त फिरवण्यापुरती. असं कराल तर चुंबकांना मार बसत नाही.

केव्हीवाला: दोघंही दणक्यानंतरचंच बोलताय. आधी डिस्क फिरायला तर हवी! 4एस (चार सेलच्या) बॅटरीचे 14.8 व्होल्ट आणि 1000 केव्ही (व्होल्टमागे 1000 आरपीएम) मोटर म्हणजे विनाभार 14,800 आरपीएम. 2:1 पुली लावली की शस्त्राला 7400, आणि मोटरला डिस्कचं जडत्व चौथा हिस्सा जाणवतं, कारण गुणोत्तराचा वर्ग लागतो. सेन्सरलेस ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा, सेन्सर नसलेला कंट्रोलर) सुरुवातीला अडखळतो, थरथरतो, तो त्रास इथेच निम्मा संपतो. हबला हीच गती हवी तर कमी केव्हीची, मोठ्या व्यासाची मोटर घ्या. ती जड. वाचवलेलं वजन तिथेच जातं.

चुंबकराव: पुल्या, बेल्ट ताणणारा टेन्शनर, दुसरा शाफ्ट यांचं वजन धरलंत का? लहान पुलीवर बेल्टचा विळखा कमी पडला की पकड सुटते आणि डिस्क वेग घेतानाच बेल्ट घसरतो. नको तेव्हा घसरणारा बेल्ट कशाला हवाय?

केव्हीवाला: बरोबर, त्यासाठी पुल्यांमधलं अंतर वाढवा किंवा आयडलर (बेल्टला दाबणारी मोकळी पुली) लावा. तरी 500 वॅट खरोखर डिस्कपर्यंत पोहोचले तर 2400 ज्यूल भरायला पाच सेकंद लागतात. वेग निम्मा झाला की उरते चौथाई ऊर्जा. पुन्हा भरायला वेळ मिळतो का, ते बघा.

एकदात: एवढा वेग हवाच कशाला, हे कुणी विचारत नाही! 8000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 133 फेऱ्या. रोबो सेकंदाला 3 मीटर वेगाने आत शिरतोय आणि डिस्कला दोन दात आहेत, तर प्रत्येक दात जास्तीत जास्त 11 मिमी घुसणार. एकच दात ठेवा (समोर वजन देऊन तोल साधा), 22 मिमी मिळतात. वेग वाढवाल तर दात नुसता खरवडून जाईल. शिवाय उभी डिस्क वेगात असताना रोबो झटकन वळवलात तर जायरोने (फिरती डिस्क आस बदलायला जो विरोध करते त्याने) एका बाजूची चाकं उचलली जातात, मग वळणार कशाच्या जोरावर?

घर्षणप्रेमी: एक दात मान्य, पण वेग उतरवायला तयार नाही. तेवढ्याच वजनाच्या डिस्कचा वेग 8000 वरून 6000 वर आणलात तर ऊर्जा 44 टक्क्यांनी घटते. जास्त घुसणारा पण हलका ठोसा नको मला. चाव (दाताचं खोल घुसणं) हवा असेल तर रोबो जोरात चालवा.

एकदात: जोरात चालवायला चाकं जमिनीवर लागतात.