अनुभव धागा : फराळाचे डबे आणि घरातले कुत्रे

मृण्मयी_के
शेजारी काल रव्याचे लाडू वळले जात होते आणि त्या वासाने आमच्या मोतीची आठवण झाली. एका दिवाळीत पाहुण्या काकूंनी कौतुकाने त्याला लाडू भरवला आणि त्यात बेदाणे होते. डॉक्टरांनी तातडीने औषध देऊन उलटी करवली, सलाइन लावले आणि रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) पुन्हा पुन्हा तपासले, कारण बेदाण्यांमुळे मूत्रपिंडांना इजा झाली तर ती ध्यानात येईपर्यंत एक-दोन दिवस निघून गेलेले असतात. किती बेदाणे घातक, याचा भरवशाचा हिशेब नाही; एखादे कुत्रे मूठभर पचवते, तर एखाद्याला थोडेसेही बाधतात. मोती वाचला. आपल्याकडे सणाला काय व्यवस्था असते, ते लिहावे.

कोथरूडकर
चिवड्यातला तळलेला कांदा आणि लसूण यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तळल्याने किंवा शिजवल्याने त्यांचा अपाय जात नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. आमच्या लॅब्राडोरच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि लघवी काळसर तपकिरी झाली, तेव्हा कुठे भाऊबिजेच्या चिवड्याचा संबंध लागला.

सानिकाची आई
सासूबाईंचे म्हणणे असे की, सणावाराला मुक्या जिवाला कोरडे कसे ठेवायचे? वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून लाल भोपळ्याची वाफवलेली फोड, मीठ-साखर न घालता, त्याच्या वाटीत पहिल्यांदा त्यांच्याच हातून घालायची प्रथा पाडली. आता पंगतीत कोणी करंजी पुढे केली, तर त्याच दटावतात.

एडिसनचा_पाटील
न्यू जर्सीत आमच्याकडे थँक्सगिव्हिंगला टर्कीची शिजलेली हाडे आणि कांदा घातलेले सारण, दोन्हींचा धोका असतो. मात्र आमच्यावर प्रसंग गुदरला तो एका पाहुणीच्या पर्समधल्या शुगर-फ्री च्युइंगगमने. त्यातल्या झायलिटॉलने (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते आणि यकृतालाही इजा होते. तेव्हापासून पाहुण्यांच्या पर्सा माडीवर जातात आणि काहींना त्याचा रागही येतो.

रानवारा
शिजलेल्या हाडांवरून आठवले. गटारीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली कुत्री कचऱ्याच्या पिशव्या फाडून नळ्या फोडतात आणि त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. आपण पिशवीला गाठ मारून ती झाकणाच्या डब्यात टाकावी, एवढे तरी करता येते.

वैशू_७
मिठाचे पाणी पाजून उलटी काढावी, असे आमच्याकडे सांगतात. ते योग्य आहे का?

कोथरूडकर
मुळीच नाही. मिठानेच विषबाधा होऊ शकते. काय खाल्ले, साधारण किती आणि केव्हा, एवढे डॉक्टरांना लगेच फोनवर सांगावे, वेष्टन असल्यास सोबत न्यावे. चॉकलेट असेल तर गडद की दुधाचे, हेही सांगावे. गडद जास्त घातक असते.

वैशू_७
आभारी आहे. मग लाडवांना बेदाण्याऐवजी काय लावावे?

सानिकाची आई
चारोळी लावा. अर्थात लाडू माणसांसाठी. तूप-साखरेने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून डबा फडताळाच्या वरच्या खणातच ठेवा.

मृण्मयी_के
आमच्याकडचा नवा कुत्रा फडताळाची कडी उघडतो. यावर कोणाकडे उपाय आहे का?