ऑर्किडला लाइट कोणता घ्यावा?

*बी-३०४:* नमस्कार मंडळी. हॉलमधलं ऑर्किड पानानं मस्त आहे, पण फुलावर आणलं होतं ते झडल्यापासून फुलाचा एक दांडा नाही. दुकानदार जांभळा ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) घ्या म्हणून मागे लागला आहे. घेऊ का?

*ए-१०२:* घ्या काकू, रात्री रस्त्यावरून आपली बिल्डिंग लगेच ओळखू येईल 😄

*सी-५०१:* काकू, आधी पानाचा फोटो टाका. दिवसा, जवळून, फ्लॅश न मारता.

*बी-३०४:* 📷 टाकला

*सी-५०१:* वाटलंच. पान किती गर्द आहे बघा. आपल्याला ते तब्येतीचं लक्षण वाटतं, पण तुमचं ऑर्किड फॅलेनॉप्सिस जातीचं आहे, त्याचं पान जरा पोपटीकडे झुकलेलं हवं. गर्द म्हणजे उजेड कमी. कडा लालसर झाल्या तर उजेड जास्त.

*बी-३०४:* अगं, पण हॉलमध्ये दिवसभर ट्यूबलाइट असते ना!

*सी-५०१:* छताची ट्यूब आपल्याला पेपर वाचायला पुरते. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड किती ते मोजायचं ॲप टाका आणि फोन पानाजवळ धरा. दोन-तीनशेच्या वर आकडा जाणार नाही. या झाडाला दहा हजारांच्या आसपास लागतो. बाहेर भर दुपारी लाखाच्या घरात असतो, म्हणून थेट उन्हात ठेवलं की पान करपतं.

*ए-१०२:* मग जांभळाच घ्यावा लागेल ना ताई? झाडाला लाल-निळा लागतो म्हणतात.

*सी-५०१:* लागतो, पण साध्या पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात. जांभळ्यात उलट पानाचा खरा रंगच कळत नाही, कीड लागली तरी दिसत नाही. वीस वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या घ्या, डब्यावर ६५०० के (म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड) लिहिलेल्या. पानापासून वीतभर ते फूटभर वर टांगा. अंतर दुप्पट केलं की उजेड पार घसरतो, त्यामुळे वॅटपेक्षा अंतर बघा. कुंडी पूर्वेच्या खिडकीशी ठेवाल तर सकाळचा उजेड फुकट मिळतो.

*ए-४०३:* बिल किती येईल?

*सी-५०१:* चाळीस वॅट, बारा तास, म्हणजे रोज अर्धा युनिट. महिन्याला पंधरा युनिट धरा. टायमर लावा, रात्री मात्र अंधार हवाच.

*ॲडमिन:* उद्या टाकी धुणार आहे, सकाळी नऊपर्यंत पाणी भरून ठेवा 🙏

*बी-३०४:* लाइट लावला की फूल येईल ना गं?

*सी-५०१:* नुसत्या लाइटनं नाही काकू. उजेडानं झाडात ताकद येते, पण दांडा निघतो तो गारव्यानं. तापमान सतत २८ च्या वर असेल तर फॅलेनॉप्सिस नुसती पानं काढत बसतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५ म्हटल्यावर तिथं दांड्याची आशाच नको, कूलरसमोरही नाही. पण दिवाळीनंतर रात्री गार होतात ना, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. काही आठवडे रात्री पंधरा-वीसच्या दरम्यान राहिल्या की दांडा निघतो. जानेवारीत पारा दहाकडे घसरला तर मात्र आत घ्या.

*ए-४०३:* माझ्याकडे पानाखालून काहीतरी निघून राहिलं आहे. मूळ की दांडा?

*सी-५०१:* टोक बघा भाऊ. मुळाचं टोक गोल, चकचकीत असतं. दांड्याचं चपटं, एका बाजूला ओठासारखं, आणि तो उजेडाकडे वर वळतो. दांडा असेल तर कुंडी फिरवू नका, नाहीतर वेडावाकडा होतो. फूल उमलायला दोन-तीन महिने लागतात.

*बी-३०४:* माझी जाऊ म्हणते, तिच्याकडे डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड आहे, त्यालाही असंच का?

*सी-५०१:* त्याला उजेड जास्त लागतो, हॉलचं काम नाही. त्यापेक्षा गॅलरीत हिरव्या जाळीखाली लटकवा म्हणावं.

*ॲडमिन:* गॅलरीच्या कठड्याबाहेर कुंड्या लटकवायच्या नाहीत हं, खाली गाड्या असतात.

*ए-१०२:* जाऊबाई दुसऱ्या सोसायटीत राहतात साहेब 😄