स्टीलर्स (अमेरिकी फुटबॉल, एनएफएल 2025): फिट्झपॅट्रिक गेला, आता सेफ्टी (बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू) किती ठेवायचे?

30 जून 2025 ला मिन्का फिट्झपॅट्रिक मायामीला गेला, बदल्यात जेलन रॅमझी आणि जॉनू स्मिथ आले. सेफ्टीत डीशॉन एलियट, हुआन थॉर्नहिल आणि जुलैत घेतलेला चक क्लार्क. हंगामाआधी संघ 90 वरून 53 खेळाडूंवर येताना क्लार्कला सोडलं तर वेव्हर्सवर (सोडलेल्या खेळाडूवर इतर संघ दावा करतात ती यादी) कोणी उचलेल का?

— खोलपास

नाही उचलणार. चार हंगाम जमा झालेला खेळाडू ऑगस्टमध्ये वेव्हर्सवर जातच नाही, सोडला की थेट मोकळा. म्हणून संघ अशा अनुभवी माणसाला कपातीच्या मंगळवारी सोडतात, बुधवारी जखमींना आयआरवर (जखमींची वेगळी यादी, 53 मध्ये न मोजलेली) टाकून जागा करतात आणि त्याला परत घेतात. अर्थात तो तोंडी शब्दावर थांबला तर! खरी भीती पोरांची. रूकी (पहिल्याच हंगामाचा खेळाडू) सोडला की दुसऱ्या दिवशी दुपारी 12 पर्यंत (आपल्याकडे रात्री साडेनऊ) कोणीही दावा करू शकतं.

— वेव्हरवाला

पण दावा करणाऱ्याला तो 53 मध्येच ठेवावा लागतो, त्यामुळे बरेच जण सुटतात आणि आपल्याच 16 जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर (53 बाहेरचा सराव गट) येतात. तिथून एका सामन्याला दोघांनाच वर आणता येतं, एकाला हंगामात तीनदाच.

— तिसरी_डाउन

पाचवा सेफ्टी टॅकलिंगवर नाही, पंट कव्हरवर (आपण लांब किक मारल्यावर धावत जाऊन चेंडू घेणाऱ्याला अडवणं) ठरतो. प्रीसीझन (हंगामाआधीचे सराव सामने) बघताना चेंडू सोडा, गनरकडे, म्हणजे त्या किकमागे कडेने सर्वात आधी धावणाऱ्याकडे बघा. आणि कॉर्नर (कडेचा बचावपटू) असलेला रॅमझी मागे सेफ्टीतही खेळू शकतो, म्हणजे कॉर्नर मोजल्याशिवाय हा हिशेब लागायचा नाही.

— पंटकव्हर