अनुभव धागा: रॉकमधून म्युझिकलकडे आणि म्युझिकलमधून रॉककडे, तुम्ही कसे पोचलात?

रॉकवाल्यांसमोर म्युझिकलचं, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणाऱ्या नाटकाचं, नाव काढलं की ते नाक मुरडतात, आणि म्युझिकलवाल्यांचं गिटार जरा कर्कश झाली की डोकं दुखायला लागतं. माझा दोन्हीकडे वावर आहे त्यामुळे हे अगदी जवळून बघितलंय. गंमत म्हणजे गाणारे-वाजवणारे लोक हे सोवळंओवळं कधीच पाळत नव्हते. बीटल्सचंच बघा ना, १९६३ च्या 'विथ द बीटल्स'वर 'टिल देअर वॉज यू' आहे ते 'द म्युझिक मॅन' ह्या ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कचा नाट्यगृहांचा भाग) म्युझिकलमधलं. ९ फेब्रुवारी १९६४ ला एड सलिव्हनच्या अमेरिकन टीव्ही शोमध्ये समोर पोरी किंचाळतायत आणि पॉल हे मऊसूत गाणं म्हणतोय! त्याच कार्यक्रमात 'ऑलिव्हर!'च्या ब्रॉडवे संचातली मंडळीही गायली, आणि त्यांच्यातला डेव्ही जोन्स नावाचा पोरगा पुढे मंकीज बँडमध्ये जाऊन स्वतःच पोरींच्या किंकाळ्या ऐकायला लागला.

तर विषय असा, की कुठल्या गाण्याने, आवाजाने किंवा वाद्याने तुम्हाला एकीकडून दुसरीकडे नेलं? आणि नवीन काही सापडलं की तुम्ही ते ऐकता कसं? टॉप टेन याद्या नकोत प्लीज, त्या सगळीकडे मिळतात. स्वतःचं लिहा, लांबलचक झालं तरी चालेल.

*

माझ्यासाठी इयन गिलन. डीप पर्पलचं 'चाइल्ड इन टाइम' ऐकून ऐकून पाठ झालं होतं, त्यातल्या त्या चढत जाणाऱ्या किंकाळ्या माणसाला जमतात कशा हेच कळायचं नाही, मग ह्या माणसाने अजून काय काय गायलंय ते शोधत गेलो आणि १९७० च्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'च्या अल्बमवर येऊन आदळलो. येशूचं काम गिलनचं! आधी वाटलं नावात साम्य असेल, पण 'गेथ्सेमनी'मध्ये तो वर गेला आणि शंकाच उरली नाही.

हे नाटक आधी रंगमंचावर आलंच नव्हतं, आधी डबल अल्बम निघाला आणि ब्रॉडवेवर आलं ते १९७१ मध्ये. त्यामुळे तो अल्बम ऐकताना 'नाटकाचं रेकॉर्डिंग' वाटतच नाही, रॉक अल्बमच वाटतो. पहिलंच गाणं जुडासच्या तोंडी, खाली गिटारचा रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा), आणि जो पुढे दगा देणार त्याचीच बाजू आपल्याला आधी पटायला लागते. लॉइड वेबर (संगीत) आणि टिम राइस (शब्द) ह्या जोडीला मानलं बुवा. तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय, प्रकार वगैरे बघायचा नाही, आवाजाच्या मागे जायचं. श्रेयनामावली वाचायची. कोण गातंय, ड्रम्सवर कोण आहे, त्यांनी आधी आणि नंतर काय केलं. प्लेलिस्टपेक्षा शंभरपट बरं.

*

वरच्या प्रतिसादाला +१, आणि त्याच अल्बमवर जरा मात्रा मोजून बघा!! मी ड्रम्स वाजवते त्यामुळे मला शब्द शेवटी कळतात, आधी बोटं मोजायला लागतात. 'एव्हरीथिंग्ज ऑलराइट' पाच मात्रांत आहे आणि 'द टेंपल' सातात. ऐकताना कुठे अडखळायला होत नाही म्हणून लक्षात येत नाही, पण सरळ चारच्या टाळ्या द्यायला गेलं की हात चुकतो.

पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) पण सातातलं, आणि मजा म्हणजे गिटार सोलो आला की ते गुपचूप चारात शिरतात आणि नंतर परत सातात येतात. ही जागा एकदा पकडली की तुम्ही प्रत्येक वेळी तिथे वाट बघत बसता.

पण मला म्युझिकलकडे ओढलं ते 'वेस्ट साइड स्टोरी'च्या 'अमेरिका'ने. हे १९५७ चं, बर्नस्टाइनचं संगीत. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन. मोठ्याने म्हणा आणि बोटाने टेबलावर वाजवा. मात्रा दोन्ही वेळा सहाच, फक्त आधी तीन-तीनचे दोन गट आणि मग दोन-दोनचे तीन. तो झटका बसतो तो नेमका ह्या वाटणीमुळे. ज्यांना म्युझिकल म्हणजे गोडगोड वाटतं त्यांनी हे वाजवून दाखवावं, मग बोलू.

*

मला एक कळत नाही, चांगलं बोलता बोलता माणसं मध्येच गायला का लागतात? तिथेच माझं मन उडतं. 😅 रॉकमध्ये निदान माणूस गायलाच उभा असतो.

*

^^ मग ज्यात बोलतच नाहीत असं ऐका. माझ्या मुलीने 'हॅमिल्टन' माझ्या गळ्यात मारलं. जवळजवळ सगळं गाण्यात आणि रॅपमध्ये आहे, त्यामुळे 'आता का गातोय' हा प्रश्नच येत नाही. २०१५ चं नाटक, अल्बमवर ४६ ट्रॅक्स आहेत, आणि मी ते बघायच्या आधी महिनोन्‌महिने नुसतं ऐकलं. चित्रित केलेला प्रयोग २०२० मध्ये आला, तोपर्यंत माझ्या डोक्यात माझं स्वतःचं नाटक तयार झालं होतं.

एकच जागा सांगतो. 'हेल्पलेस'मध्ये एलायझा प्रेमात पडते, लग्न होतं, सगळं छान. लगेच पुढचं 'सॅटिस्फाइड', बहीण अँजेलिका लग्नात शुभेच्छा द्यायला उभी राहते आणि संगीत उलटं फिरतं, तीच संध्याकाळ पुन्हा सुरू होते, पण आता हिच्या डोळ्यांनी. आधीच्या गाण्यातल्या ओळी परत येतात आणि त्यांचा अर्थ पार बदललेला असतो. ही गोष्ट संवादात सांगायची तर दहा मिनिटं गेली असती, आणि तरी इतकी लागली नसती.

रॅप मला झेपत नव्हता, वेग फार. मग पहिल्यांदा शब्द समोर ठेवून वाचले, नंतर नुसतं ऐकलं. मुलगी म्हणते ही चीटिंग आहे. असू दे.

*

थोडं वेगळं लिहितो. मला एकाच कानाने ऐकू येतं, लहानपणापासून. हेडफोन लावून साठच्या दशकातलं स्टिरिओ ऐकणं म्हणजे माझ्यासाठी अर्धं गाणं. बीटल्सचे पहिले अल्बम दोन ट्रॅकवर रेकॉर्ड झालेत, त्यामुळे स्टिरिओत बरेचदा गाणं एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला. इयरफोनची बाजू बदलली की गायकच गायब!

मोनो मिक्सेस (सगळा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच) ऐकायला लागलो तेव्हा खरा बँड भेटला. आणि हे काही 'दुय्यम' प्रकरण नाही, त्या काळात मोनोच मुख्य होतं, 'सार्जंट पेपर'च्या (१९६७) मोनो मिक्सवर बँड स्वतः बसला होता आणि स्टिरिओ बहुतांशी त्यांच्याशिवाय उरकलं गेलं. २००९ मध्ये मोनोचा वेगळा संच निघालाय. ज्यांना दोन्ही कानांनी ऐकू येतं त्यांनीही एकदा दोन्ही मिक्स लागोपाठ ऐकावेत.

माझ्यासारख्यांसाठी: फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचं बटण असतं. खूप जणांना माहीतच नसतं.

*

फुटबॉलमधून पोचलेलं कोणी आहे का इथे? मी आहे.

'यू'ल नेव्हर वॉक अलोन' हे मी लिव्हरपूलचं स्टेडियमगीत म्हणूनच ओळखायचो, हजारो माणसं मफलर वर धरून गातायत, अंगावर काटा. मग कळलं की ते १९६३ मध्ये जेरी अँड द पेसमेकर्स ह्या लिव्हरपूलच्याच बँडने हिट केलं होतं. आणि त्याच्याही मागे गेलो तर १९४५ चं 'कॅरोसेल', रॉजर्स-हॅमरस्टाइनचं म्युझिकल. तिथे नवरा गेलेल्या बाईला धीर द्यायला गातात. म्हणजे शोकातलं गाणं, पॉपमधून गेलं, आणि मैदानावर पोचलं!

अजून संपलं नाही. पिंक फ्लॉइडचं 'फिअरलेस', १९७१, 'मेडल' अल्बम. त्यात चक्क अ‍ॅनफील्डच्या (लिव्हरपूलच्या मैदानातल्या) प्रेक्षकांचं गाणं मिसळलंय, हेच गाणं. म्हणजे ब्रॉडवेवरून निघालेली चाल गॅलरीतल्या गर्दीमार्गे रॉक अल्बमवर. मी हे कळल्यावर घरातल्या प्रत्येकाला पकडून ऐकवलं, कोणाला काही फरक पडला नाही.

*

मी विरुद्ध बाजूने बोलणार. बँडची हिट गाणी उचलायची आणि त्यांच्या मध्ये गोष्टीची ठिगळं लावायची ही जी फॅशन आहे ती मला आवडत नाही. क्वीन बँडच्या गाण्यांवरचं 'वी विल रॉक यू' घ्या, २००२ पासून लंडनला वर्षानुवर्षं चाललं, पण मला तिथे क्वीन सापडत नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ मध्ये सहा मिनिटांत आख्खं नाटक करून बसलंय, ना ध्रुवपद ना काही, बॅलड, मग ऑपेरा, मग हेड-बँगिंग. त्याला वरून कथानक कशाला हवं?

ज्यात गोष्ट मुळातच आहे ते वेगळं. द हूचा 'टॉमी' १९६९ चा, ब्रॉडवेवर यायला १९९३ उजाडलं पण ते पटतं. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल'ही तसाच, गोष्ट आतच आहे.

*

वरील मताशी अर्धा सहमत. पण आबा (ABBA) ह्या स्वीडिश बँडचं काय? 'द विनर टेक्स इट ऑल' हे मुळातच एका पात्राचं एकट्याने उभं राहून म्हणायचं गाणं आहे, 'मामा मिया'त (१९९९) ते फक्त आपल्या जागी जाऊन बसलं. आणि आबातल्या दोघांनी, बेनी आणि ब्यॉर्नने, त्याच्या कितीतरी आधी १९८४ मध्ये टिम राइसबरोबर 'चेस' केलं होतं, बुद्धिबळाच्या सामन्यावर म्युझिकल! हेही आधी अल्बम, नंतर रंगमंच. 'वन नाइट इन बँकॉक' त्यातलंच, आणि ते गाणारा मरे हेड म्हणजे वरती कोणीतरी लिहिलेल्या १९७० च्या अल्बममधला जुडास. फिरून फिरून तीच मंडळी!

*

मी रेकॉर्डिंगपेक्षा प्रत्यक्ष बघणारी. दोन गोष्टी सांगते, एक, रॉक कॉन्सर्टला स्टेजला चिकटून उभं राहू नका, साउंड इंजिनियरचं टेबल जिथे असतं त्याच्या आसपास उभं राहा, तो माणूस त्याच्या कानाला येतं त्यावरूनच आवाज जुळवत असतो त्यामुळे सगळ्यात नीट तिथेच ऐकू येतं. आणि इयरप्लग लावा, लाज वाटून घेऊ नका, चांगल्या प्लगने आवाज कमी होतो पण गाणं गढूळ होत नाही. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत बसण्यापेक्षा बरं.

दोन, म्युझिकलला वरच्या बाल्कनीला नावं ठेवू नका. चेहरे लहान दिसतात हे खरं, पण नाचाची मांडणी वरूनच कळते. आणि मध्यंतरात ऑर्केस्ट्रा पिटमध्ये (स्टेजपुढची वादकांची खोलगट जागा) डोकावून या, इतका मोठा आवाज इतक्या कमी माणसांचा होता ह्यावर विश्वास बसत नाही.

*

'ले मिझराब्ल'चं कोणीच कसं लिहिलं नाही?? मूळ फ्रेंच अल्बम १९८० चा, इंग्रजीत लंडनला १९८५ मध्ये आलं, समीक्षकांनी झोडपलं आणि लोकांनी तिकिटं संपवली.

पहिल्या अंकाच्या शेवटचं 'वन डे मोर' प्रत्येक वेळी एकाच आवाजाच्या मागे जाऊन ऐकायचं. एकदा फक्त झावेर हा पोलिस. एकदा फक्त एपोनीन. एकदा ते खानावळवालं वात्रट जोडपं. प्रत्येकाची आपापली चाल चालू असते आणि तरी सगळं एकत्र बसतं. दुसरं म्हणजे, फँटीन मरताना जी चाल गाते तीच पुढे एपोनीनच्या 'ऑन माय ओन'ला येते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, असंच काम करता करता ऐकत होते आणि हातातलं काम तसंच राहिलं. शेवटी दोघी एकत्र येऊन गातात तेव्हा तर मी हमखास रडते, लोक बघतात, बघू देत.

*

'गायला का लागतात' विचारणारा मीच. 😅 बरं, पटलं थोडंसं. पण ४६ ट्रॅक्स जास्त होतात हो सुरुवातीला. गिटार आहे, गोष्ट आहे आणि मध्ये बोलत नाहीत, असं एकच सांगा.

*

मग वाद कसला, गिलनवालाच अल्बम. १९७० चाच हवा, १९७३ च्या सिनेमाचा नाही, त्यात गिलन नाही. पहिल्यापासून लावा, क्रमाने. शफल बंद.