मदत हवी आहे: फुटपाथच्या कामाला लीन पद्धत कशी लावायची?

साइटवरचा
नमस्कार मंडळी. पुण्यात पौड रोडच्या आतल्या बाजूला फुटपाथचं काम चालू आहे, मी कंत्राटदाराकडे साइट इंजिनियर आहे. रोज ४० मीटर धरलं होतं, पडतंय २२ ते २५. पाऊस तोंडावर आलाय. साहेब कुठेतरी लीनवरचं (वाया जाणारा वेळ, माल, मेहनत कमी करायची पद्धत) भाषण ऐकून आले आणि म्हणाले, हे आपल्याकडे लाव. नेटवर बघतो तर सगळं कारखान्याचं. रस्त्याकडेच्या कामाला कुणी लावलंय का? लवकर सांगा, सोमवारी मीटिंग आहे.

मुकादम_ते_मालक
फुटपाथ म्हणजे नुसते ब्लॉक, की खाली पावसाळी लाइन आणि चेंबरपण? माणसं किती? जेसीबी घरचा की भाड्याचा? काहीच न सांगता लवकर सांगा म्हणालात तर सांगायचं काय?

चाकणवाला
मी १४ वर्षं सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. डोळे झाकून ५एसपासून, म्हणजे कामाची जागा नीट लावण्यापासून, सुरू करा. फावडी, घमेली, प्लेट कॉम्पॅक्टर (भराव दाबायचं यंत्र), सगळ्याची जागा ठरवा, रंगाने पट्टे मारा. आमच्याकडे महिन्यात फरक दिसला.

मुकादम_ते_मालक
दादा, पट्टे मारायला तिथे जमीन स्थिर लागते. साइट रोज पुढे सरकते.

चाकणवाला
मग हातगाडीवर पट्टे मारा. हत्यार शोधण्यात जाणारा वेळ हा ‘मुडा’च, म्हणजे जपानीत अपव्यय. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी जे सात अपव्यय सांगितले, त्यांत थांबून राहणं आणि विनाकारण हालचाल दोन्ही आहेत. ते रस्त्यालाही लागू आहेत.

साइटवरचा
सॉरी, घाईत राहिलं. एकूण ६०० मीटर. खाली ३०० मिमीची पावसाळी लाइन, चेंबर, मग भराव, पीसीसी (साधं काँक्रीट), कर्ब (कडेचे दगड), वर ब्लॉक. माणसं १८. जेसीबी भाड्याचा. सध्या १८० मीटर खणून तयार आहे, त्यामुळे खोदाईचा प्रश्न नाही.

प्लॅनिंगवाली
खोदाईचा प्रश्न नाही म्हणताय, मला तर तिथेच प्रश्न दिसतोय. १८० मीटर उघडं आणि रोज पूर्ण होतंय २५, म्हणजे सात दिवसांचं काम नुसतं उघडं पडून आहे. कारखान्यात याला अर्धवट मालाचा साठा म्हणतात.

बांधकामासाठी वेगळी पद्धत आहे, लास्ट प्लॅनर. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात मांडली. पुढच्या काही आठवड्यांची कामं समोर घ्यायची आणि प्रत्येकाला विचारायचं, हे सुरू करायला काय अडतंय? नकाशा, माल, परवानगी, आधीचं काम. अडथळा निघालेलीच कामं आठवड्याच्या यादीत घ्यायची, आणि शब्द मुकादमाने स्वतः द्यायचा. शनिवारी पीपीसी काढायचा. दिलेल्या शब्दांपैकी किती पूर्ण झाले, त्याची टक्केवारी. जे राहिलं त्याचं कारण लिहायचं, माणसाला झापायचं नाही.

सिमेंटकाका
पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, वापरत असाल तर क्युरिंगकडे (काँक्रीट ओलं ठेवण्याकडे) लक्ष द्या. सुरुवातीला ताकद हळू येते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला (ओपीसी) किमान ७ दिवस, पण मिश्र सिमेंटला १०. या उन्हात गोणपाट ओलं ठेवा, पोरं दुपारी विसरतात.

प्लॅनिंगवाली
काका, माझा पीपीसी सिमेंटचा नाही. पण सूचना कामाची आहे.

बेल्टधारी
लीन सिक्स सिग्माचा ग्रीन बेल्ट (प्रमाणपत्राचा कोर्स) करून घ्या, पुढे नोकरीला उपयोग होतो.

मुकादम_ते_मालक
ताई, जेसीबी तासावर येतो. दोन तासांचं काम असलं तरी मालक निम्म्या दिवसाचं भाडं लावतो. म्हणून आणला की दिवसभर खणून घ्यायचं. तीस वर्षं सगळे असंच करतात.

प्लॅनिंगवाली
जेसीबीचं भाडं वाचतं हे मान्य. पण बाजू ढासळल्या की पुन्हा माती काढायला माणसं लागतात, वळीव आला की पंप लागतो. तो खर्च जेसीबीच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

कोथरूडचे_आजोबा
तुमच्या भाषेतलं मला कळत नाही. आमच्या फाटकासमोर तीन आठवडे चर उघडा आहे. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वॉकर फळीवर टेकला की फळी हलते, म्हणून ती फिजिओथेरपीला जायची थांबली. एवढंच सांगा, एक फाटक एका आठवड्यात पूर्ण करून पुढे का जात नाही?

प्लॅनिंगवाली
आजोबा, लीनमधला पहिला प्रश्न तुम्हीच विचारलात. साइटवरचा, उद्या एका जागी उभं राहून बघा. ओनो माणसांना जमिनीवरच्या खडूच्या वर्तुळात उभं करत, असं सांगतात. एकच कारागीर धरा आणि घड्याळ लावून लिहा.

साइटवरचा
आज नऊ ते एक उभा राहिलो. ब्लॉक लावणारा आमचा सर्वांत हुशार कारागीर. पहिल्या तासात त्याने प्रत्यक्ष २४ मिनिटं ब्लॉक लावले. बाकी वेळ ग्रिटची (ब्लॉकखालची बारीक खडी) वाट बघत दोरी धरून बसला होता. ग्रिटचा ढीग चराच्या पलीकडे, बिगारी घमेलं घेऊन टोकापर्यंत जाऊन वळसा मारून येतो. ब्लॉकचे पॅलेटपण तिकडेच, कारण ट्रक आला तेव्हा अलीकडे राडारोडा पडला होता.

आणि एक सांगायचं राहिलं. ११० मीटरवर एक केबल आडवी आली आहे. चेंबर तिथेच बसवायचंय. केबलवाले बघून जातो म्हणाले, त्याला आज पाच दिवस झाले. त्याच्या पुढचा सगळा चर तसाच पडलाय.

मुकादम_ते_मालक
अहो, हे पहिल्या दिवशी सांगायचं! केबल अडली असताना पुढे ७० मीटर कशाला खणलं?

साइटवरचा
जेसीबी उभा होता म्हणून.

मुकादम_ते_मालक
ताईंचं पटलं. आता असं करा. अडलेला तुकडा बॅरिकेडने नीट बंद करा, फाटकांसमोरचा भाग आधी बुजवून चालायला द्या. पुढे ६०-६० मीटरचे तुकडे. प्रत्येक तुकड्याआधी हाताने चाचणी खड्डे घ्या, केबल आणि पाइप आधीच दिसतील. जेसीबी आठवड्यातून दोनदा घ्या, उरलेल्या तासांत त्याच्याकडून राडारोडा भरून घ्या, म्हणजे भाडं वाया जात नाही.

साइटवरचा
साहेबांना २४ मिनिटांचा कागद दाखवतो. उद्या सकाळी सातला पहिला चाचणी खड्डा. आजोबा, तुमचं फाटक आमच्याच पट्ट्यात असेल तर जवळची खूण सांगा, तिथली भराई आधी घेतो. आणि ताई, गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. ब्लॉकचा ट्रक रात्री मागवला तर उतरवायला माणसं कशी लावता?

प्लॅनिंगवाली
पहाटे साडेपाचला मागवा. चार माणसं लवकर येतील, दुपारी लवकर सोडा. आणि पॅलेट कुठे उतरवायचे, तिथे आदल्या संध्याकाळी चुन्याची खूण करून ठेवा.

चाकणवाला
चुन्याची खूण म्हणजेच माझा पट्टा!